पूर्वनिवड आणि मुक्त इच्छा (ख्रिस्ती तारणविचार)

ख्रिस्ती धर्मशास्त्रातला फार जुना आणि अजूनही न मिटलेला वाद. माणसाचं तारण (पापातून आणि त्याच्या शिक्षेतून सुटका) होणार की नाही हे देवाने जग निर्माण करायच्या आधीच ठरवून ठेवलंय (हीच पूर्वनिवड), की माणूस स्वतःच्या इच्छेने विश्वास ठेवतो आणि त्यामुळे तारला जातो, असा ढोबळ प्रश्न. पण असा मांडला की तो अर्धा चुकतोच, कारण पाचव्या शतकातला पेलेजियस (त्याच्याविषयी पुढे येतं) आणि त्याचे साथीदार सोडले तर या वादातले बहुतेक मोठे लोक कृपेशिवाय, म्हणजे देवाने आपणहून दिलेल्या मदतीशिवाय, तारण नाही हे मान्य करूनच भांडले. खटका आहे तो दोन ठिकाणी. अमुक माणूस पुढे विश्वास ठेवणार हे देवाला आधीच दिसलं म्हणून त्याने त्याला निवडलं, की देवाने निवडलं म्हणून तो विश्वास ठेवतो? आणि कृपा आली तर ती माणसाला नाकारता येते का?

मराठी वाचक इथे पटकन प्रारब्ध आणतो, ते बसत नाही. प्रारब्ध हे आपल्याच आधीच्या कर्मांचं फळ, आणि पूर्वनिवड मानणाऱ्यांचा सगळा जोर यावर की निवडीत माणसाच्या कर्माचा काडीचाही वाटा नाही.

बायबलमधले आधार दोन्हीकडे भरपूर आहेत. पूर्वनिवडीसाठी रोमकरांस पत्राचे ८ आणि ९ हे अध्याय आणि इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय, दुसऱ्या बाजूला सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा सांगणारं १ तीमथ्य २:४, आणि मत्तय २३:३७, जिथे येशू यरुशलेमला म्हणतो की मला तुझी मुलं जवळ घ्यायची होती पण तुमचीच इच्छा नव्हती. रोमकरांसच्या नवव्या अध्यायावरून (याकोब-एसाव, फारो, कुंभार आणि माती) सगळ्यात जास्त शाई खर्च झालीय.

सुरुवात

वादाची सुरुवात साधारण ४०५ ते ४१० च्या दरम्यान रोममध्ये धरतात. पेलेजियस हा तिथल्या वरच्या घराण्यांतल्या लोकांना कडक नैतिक आयुष्य शिकवणारा शिक्षक. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याच्या आत्मकथनात देवाला उद्देशून 'तू जी आज्ञा करतोस ती पाळायचं बळही तूच दे, मग हवी ती आज्ञा कर' अशा अर्थाचं वाक्य आहे, ते कोणीतरी पेलेजियससमोर म्हटलं आणि तो भडकला, असं ऑगस्टीननेच पुढे लिहून ठेवलंय. पेलेजियसचं म्हणणं, बळही देवच देणार असेल तर पापाचा दोष माणसाला कसा लावायचा.

त्याच्या जन्मस्थानावरून बरीच चर्चा झालीय. ऑगस्टीन त्याला ब्रिटनचा म्हणतो. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम मात्र त्याला (किंवा त्याचा साथीदार सेलेस्टियसला, नक्की कोणाला यावरही मतभेद आहेत) 'स्कॉट लोकांची पेज खाऊन जड झालेला' असा टोमणा मारतो, आणि त्या काळी स्कॉट म्हणजे आयर्लंडचे लोक, म्हणून काहींनी त्याला थेट आयरिश ठरवून टाकलं. शिवीवरून माणसाचं गाव काढणं जरा धाडसाचंच, ब्रिटन धरून चालायला हरकत नाही. ४१५ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या डायोस्पोलिसच्या सभेने त्याला निर्दोष सोडलं आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने त्याची मतं पाखंडी ठरवली. त्याचं बरंचसं लिखाण विरोधकांनी दिलेल्या उताऱ्यांतूनच उरलंय, त्यामुळे 'पेलेजियनवाद' नावाने जे सांगितलं जातं त्यात त्याचं किती आणि सेलेस्टियसचं किती हे वेगळं काढणं अवघडच.

५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंज इथे आर्लचा बिशप सिझेरियस आणि १३ बिशपांनी पेलेजियस आणि टोकाची पूर्वनिवड यांच्या मधला रस्ता काढला. विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते, पण देवाने कोणाला वाईटासाठी नेमून ठेवलंय असं म्हणणाऱ्याचा धिक्कार. गंमत म्हणजे हे ठराव मध्ययुगात बहुतेक विसरले गेले आणि १६ व्या शतकात परत वर आले, म्हणजे थॉमस अक्वायनससारख्याच्या हातातही ते बहुधा नव्हते. नवव्या शतकात गॉटशाल्क नावाच्या साधूने काही तारणासाठी आणि काही नाशासाठी अशी दुहेरी पूर्वनिवड शिकवली, तर ८४९ मध्ये त्याला फटके मारून मठात कोंडलं आणि तो तिथेच मेला.

आर्मिनियसचा प्रश्न

सुधारक ल्यूथर आणि विद्वान इरॅस्मसची मुक्त इच्छेवरून जुंपली ती १५२४-२५ मध्ये, जिनिव्हाचा सुधारक कॅल्व्हिन याने आपल्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या आवृत्तीत पूर्वनिवडीवर सलग चार प्रकरणं लिहिली, हे सगळीकडे वाचायला मिळतं. गुंता खरा वाढला तो पुढच्या पिढीत, देवाच्या ठरावांचा क्रम लावायला घेतल्यावर. क्रम म्हणजे काळाचा नाही, तर्काचा. जिनिव्हात कॅल्व्हिनच्या जागी आलेला बेझा आणि त्याच्या मागून लायडनचा गोमारस म्हणायचे की देवाने आधी कोणाला तारायचं आणि कोणाला नाही हे ठरवलं, आणि मग त्यासाठी सृष्टी आणि आदामाचं पतन (पापात पडणं) ठरवलं. दुसरे म्हणायचे आधी सृष्टी, मग पतनाला मुभा, आणि मग त्या पतित माणसांमधून काहींची निवड. फरक बारीक वाटतो, पण पहिल्या क्रमात देव ज्याला नाकारतो तो अजून पापीसुद्धा नाही, आणि मग पापाचा कर्ता देवच ठरतो की काय हा आक्षेप येतोच.

याकोबस आर्मिनियस (जन्म बहुधा १५५९ किंवा १५६०, मृत्यू १६०९) हॉलंडमधल्या आउडेवॉटरचा. १५७५ मध्ये स्पॅनिश सैन्याने त्या गावात कत्तल केली त्यात त्याची आई आणि भावंडं गेली, तो तेव्हा शिकायला बाहेर होता म्हणून वाचला. लायडनला आणि जिनिव्हात बेझाच्या हाताखाली शिकून तो अॅमस्टरडॅमला पाळक झाला आणि १६०३ मध्ये लायडनला प्राध्यापक. त्याचं मत कधी बदललं याची एक नेहमीची कथा आहे. कोर्नहर्ट नावाच्या एका लेखकाने कॅल्व्हिन-बेझावर टीका केली, तिला उत्तर देताना डेल्फ्टच्या दोन पाळकांनी बेझाचीच बाजू थोडी सैल केली, तेव्हा साधारण १५८९-९० मध्ये या सगळ्याचं खंडन करायचं काम आर्मिनियसकडे आलं, आणि खंडन करता करता त्याला विरोधकांचंच पटलं. त्याचा मित्र बर्टियस याने १६०९ मध्ये केलेल्या श्रद्धांजलीच्या भाषणात ही गोष्ट येते आणि नंतरच्या चरित्रांनी ती उचलली. कार्ल बँग्ज याने १९७१ च्या चरित्रात तिच्यावर प्रश्न लावला, की आर्मिनियस बेझाच्या मताचा कधी होता याचाच पुरावा नाही, आणि बेझाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्याचं सगळं मानलं पाहिजे अशी काही सक्ती नव्हती. कथा छान आहे, पण बँग्जचं म्हणणं जास्त जमतं.

३० ऑक्टोबर १६०८ ला हेगमध्ये हॉलंडच्या राज्यसभेपुढे आर्मिनियसने आपली बाजू मांडली. त्याच्या मते देवाचा पहिला ठराव ख्रिस्ताला तारणारा म्हणून नेमायचा, दुसरा जे पश्चात्ताप करून विश्वास ठेवतील त्यांना स्वीकारायचं असा, तिसरा त्यासाठी लागणारी साधनं पुरेशी द्यायची, आणि चौथ्यात कुठे एकेका माणसाची निवड येते, तीही कोण कृपेच्या मदतीने विश्वास ठेवेल आणि टिकून राहील या पूर्वज्ञानावरून. वर्षभरात तो वारला. जानेवारी १६१० मध्ये त्याच्या मताच्या चाळीसहून जास्त पाळकांनी पाच कलमांचं निवेदन दिलं, म्हणून त्यांना रेमॉन्स्ट्रंट म्हणजे निवेदनवाले असं नाव पडलं. त्यातलं तिसरं कलम बघण्यासारखं आहे. माणूस स्वतःच्या बळावर काहीही खरं चांगलं करू शकत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. चौथ्यात मात्र कृपा नाकारता येते असं आहे. पाचव्यात, एकदा विश्वासात आलेला माणूस परत गळून पडू शकतो का, हा प्रश्न त्यांनी तेव्हा मोकळा ठेवला होता.

डॉर्टची सभा

१३ नोव्हेंबर १६१८ ला डोर्ड्रेख्ट (डॉर्ट) इथे या वादाचा निवाडा करायला डच चर्चची सभा भरली आणि मे १६१९ पर्यंत चालली. इंग्लंड, पॅलाटिनेट, हेस, स्विस शहरं, जिनिव्हा, ब्रेमेन इथून प्रतिनिधी आले, फ्रान्सच्या राजाने मात्र आपल्याकडच्या लोकांना येऊ दिलं नाही. रेमॉन्स्ट्रंट मंडळींना प्रतिनिधी म्हणून नाही तर आरोपी म्हणून बोलावलं होतं. त्यांचा पुढारी एपिस्कोपियस आधी सभेचा अधिकार कोणता यावरच अडून बसला, देवाने नाकारलेल्यांच्या प्रश्नापासून चर्चा सुरू करा म्हणाला, आठवडेच्या आठवडे त्यात गेले, आणि १४ जानेवारी १६१९ ला अध्यक्ष बोगरमनचा पारा चढला. तुम्ही खोटं बोलत आलात, खोटं बोलतच चाललात, निघा, असं त्याने भर सभेत सुनावून त्यांना बाहेर काढलं. काही परदेशी प्रतिनिधींनाही हा सूर खटकला. पुढचा निवाडा त्यांच्या लिखाणावरून झाला.

डॉर्टचे निर्णय लोक सांगतात त्यापेक्षा जपून लिहिलेले आहेत. निवड पतित मानवजातीतून होते अशीच भाषा आहे, म्हणजे गोमारसचा क्रम स्वीकारला नाही, पण त्याला दोषही दिला नाही. तिसरा आणि चौथा मुद्दा एकत्र केला, कारण रेमॉन्स्ट्रंटांचं नुसतं तिसरं कलम वाचलं तर त्यात चूक काढायला जागा नव्हती. आज 'ट्यूलिप' म्हणून कॅल्व्हिनवादाचे जे पाच मुद्दे पाठ करतात ती इंग्रजी आद्याक्षरांची जुळवाजुळव २० व्या शतकातली आहे, आणि डॉर्टचा क्रमही तो नाही.

यात राजकारण किती होतं यावर इतिहासकार एकमत नाहीत, पण भरपूर होतं एवढं नक्की. रेमॉन्स्ट्रंटांचा पाठीराखा, हॉलंडचा बडा राजकारणी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा १३ मे १६१९ ला शिरच्छेद झाला, तर त्याच बाजूचा कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस याला जन्मठेप, जो १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत बसून तुरुंगातून निसटला.

कॅथलिक बाजू

तोच वाद कॅथलिकांतही पेटला होता. जेझुइट या कॅथलिक संघातला स्पॅनिश लुईस दे मोलिना याने १५८८ मध्ये लिस्बनमध्ये छापलेल्या ग्रंथात 'मधलं ज्ञान' मांडलं. काय काय शक्य आहे हे देवाला माहीत, काय होणार हेही माहीत, आणि या दोन्हींच्या मधे, कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत आपल्या मोकळ्या इच्छेने काय करेल हेही माहीत. यासाठी १ शमुवेल २३ मधला प्रसंग देतात. दावीद देवाला विचारतो की कईलाचे लोक मला शौलाच्या हाती देतील का, देव म्हणतो देतील, आणि दावीद गाव सोडून जातो, म्हणजे जे घडलंच नाही तेही देवाला माहीत होतं. डोमिनिकन या दुसऱ्या संघातल्या बान्येझला हे मान्य नव्हतं, त्याच्या मते देवाची कृपा आतूनच इच्छेला हलवते. पोपने प्रकरण रोमला नेलं, दहाएक वर्षं चौकशी चालली, आणि १६०७ मध्ये पाचव्या पॉलने निकाल न देताच ती बंद केली. डोमिनिकनांना कॅल्व्हिनवाले म्हणायचं नाही आणि जेझुइटांना पेलेजियन म्हणायचं नाही, एवढी ताकीद दिली. आर्मिनियसने मोलिनाकडून किती घेतलं यावर अलीकडे बरंच लिहिलं गेलंय. ओळख होती हे पटतं, पण तो पुरता मोलिनावादी होता हे म्हणणं ताणलेलं वाटतं.

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हा वाद या रूपात फारसा झालाच नाही. देवाला सगळं आधी माहीत असतं, पण तो सगळं आधी ठरवत नाही, हे आठव्या शतकातला धर्मशास्त्री दमास्कसचा योहान याचं मत तिथे पुरेसं मानतात.

पुढे, आणि आपल्याकडे

इंग्लंडमध्ये १७३९ मध्ये मेथडिस्ट चळवळीचा पुढारी जॉन वेस्लीने पूर्वनिवडीविरुद्ध प्रवचन दिलं आणि त्याचा मित्र व्हाइटफील्डशी बिनसलं. १७८४ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी अँग्लिकन चर्चची ३९ कलमं छाटताना वेस्लीने पूर्वनिवडीवरचं १७ वं कलम सरळ गाळलं.

महाराष्ट्रात दोन्ही परंपरा मिशनऱ्यांबरोबर आल्या. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे न्यू इंग्लंडच्या कॅल्व्हिनवादी वळणाचे, १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या कॅल्व्हिनवादी विश्वासपत्राला बांधलेले. मेथडिस्ट विल्यम टेलरच्या सभा मुंबईत सुरू झाल्या त्या १८७१ मध्ये. तोवर स्कॉटलंडमध्येच हा मुद्दा मऊ व्हायला लागला होता, आणि १८९२ मध्ये तिथल्या फ्री चर्चने या विश्वासपत्राचा खुलासा करणारा कायदाच केला. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ च्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या, आणि १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन, बॅप्टिस्ट आणि ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेच्या लोकांबरोबर त्याच चर्चमध्ये आल्या. अमेरिकन मेथडिस्ट परंपरेची मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली, पण त्यात पूर्वनिवड हा कळीचा मुद्दा नव्हता.