एफवायला सकाळी डोळे का उघडत नाहीत: गोव्याचा सूर्य आणि अंगातलं घड्याळ

पणजीत घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून डोक्यावर आलेला नसतो, तो यायला सरासरी साडेबारा होऊन वर चार-पाच मिनिटं जातात. कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे, तो रेखांश उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो, आणि आपला गोवा आहे ७४ अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, साडेआठ अंशांची झाली ३४ मिनिटं. म्हणजे केरी-सत्तरीहून पणजीला कॉलेजला येणारी मुलगी साडेपाचचा अलार्म लावते तेव्हा सूर्याच्या हिशेबाने पाचसुद्धा वाजलेले नसतात. जूनमध्ये ॲडमिशन झाली की गणपतीच्या चवथीपर्यंत घराघरात एक वाक्य ऐकू येतं, "हायर सेकंडरीत बरा होता, कॉलेजात गेल्यापासून आळशी झालाय, रात्री झोपत नाही आणि सकाळी उठवून उठत नाही". हा स्वभावाचा प्रश्न आहे असं धरून आपण पोरांना बोलत राहतो, पण यातला मोठा भाग शरीरातल्या घड्याळाचा आहे.

हे घड्याळ खरोखर आहे, मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, साधारण वीस हजार पेशींचा बारीकसा पुंजका. झोप कधी, जाग कधी, शरीराचं तापमान कधी उतरणार, भूक कधी लागणार, हे सगळं तो ठरवतो. पण तो अगदी चोवीस तासांवर चालत नाही. १९९९ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झायस्लर यांच्या टीमने लोकांना बाहेरचा दिवस-रात्र कळणार नाही अशा खोल्यांत ठेवून मोजलं, तर सरासरी निघाली २४ तास ११ मिनिटं. म्हणजे हे घड्याळ रोज थोडं मागे पडतं आणि रोज लावून घ्यावं लागतं, आणि ते लावतो उजेड. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की ज्यांचं मुख्य काम चित्र बघणं नाहीच, बाहेर किती उजेड आहे एवढंच त्या मेंदूला कळवत राहतात, आणि निळसर उजेडाला त्या जास्त जागतात. सकाळचा उजेड घड्याळाला लवकरवर ओढतो, रात्री उशिराचा उजेड त्याला आणखी उशिरावर ढकलतो.

मग घड्याळ सूर्याला मानतं की भिंतीवरच्या वेळेला? जर्मनीत टिल रोएनेबर्ग यांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा गोळा केल्या. सगळ्या देशात वेळ एकच, टीव्हीच्या बातम्या एकाच वेळी, तरी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना लोकांच्या झोपेचा मध्य (झोपणं आणि उठणं यांच्या बरोबर मधली वेळ) दर अंशामागे जवळपास ४ मिनिटांनी उशिरा सरकत होता, म्हणजे अगदी सूर्याबरोबर. मोठ्या शहरांत हा धागा सैल होता, लहान गावांत घट्ट. हे वाचून मला पहिल्यांदा डिचोली, पेडणे, वाळपई आठवली, कारण आपल्याकडची बरीच मुलं अशाच लहान गावांतून कॉलेजला येतात.

यात भर पडते वयाची. वयात आल्यावर घड्याळ उशिरा सरकायला लागतं, हे झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्कॅडन यांनी नव्वदच्या दशकापासून दाखवलंय, आणि रोएनेबर्ग यांच्या २००४ च्या अभ्यासात हे सरकणं कुठे थांबतं तेही दिसलं, मुलींमध्ये साधारण साडेएकोणीस आणि मुलांमध्ये एकवीसच्या जवळपास, त्यानंतर आयुष्यभर ते हळूहळू लवकरवर येत जातं. म्हणजे एफवायचं पोरगं बरोबर त्या टोकाच्या जवळ उभं असतं. त्याला रात्री दहाला झोप म्हणणं म्हणजे त्याच्या आजोबांना संध्याकाळी सातला झोपा म्हणण्यासारखंच. आणि ज्यांना हे ओरडून सांगायची सवय आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, झोपेची वेळ होण्याआधीचे दोन-तीन तास हे दिवसातले सगळ्यात जागे तास असतात, तेव्हा अंथरुणावर पडून डोळे मिटले तरी झोप येत नाही, उलट "मला झोपसुद्धा जमत नाही" ही चिंता तेवढी चिकटते.

आता रोजचा हिशेब बघा. आठवड्यात एक वाजता झोपला, साडेपाचला उठला, झोपेचा मध्य सव्वातीन. शनिवारी रात्री अडीचला झोपला, रविवारी साडेदहाला उठला, मध्य साडेसहा. फरक सव्वातीन तासांचा. या फरकाला रोएनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलं. आपल्याकडे कुवेतला माणूस असलेली घरं काही कमी नाहीत, तिथल्या आणि आपल्या घड्याळात अडीच तासांचा फरक आहे, म्हणजे हा पोरगा दर रविवारी कुवेतच्या पलीकडे जाऊन सोमवारी सकाळी परत पहिल्या लेक्चरला बसतोय आणि आपण त्याला विचारतोय की लक्ष कुठे आहे तुझं. चवथीच्या सुट्टीत तर आरत्या, भजनं, फुगड्या, रात्रीच्या गप्पा (त्या सोडाव्यात असं मी अजिबात म्हणत नाही), त्यामुळे सुट्टीनंतरचा आठवडा सगळ्यात जड जातो आणि कित्येक कॉलेजांत आयएसए (सेमिस्टरमधली अंतर्गत परीक्षा) त्याच सुमारास येऊन उभी असते.

रात्र जागून अभ्यास केला की डोक्यात राहतं, ही समजूत फार जुनी आणि ती चुकीची असल्याचा पुरावाही तितकाच जुना. १९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांवरच प्रयोग छापला, दोघांनी निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ केल्या, मग कधी लगेच झोपले, कधी दिवसभर जागे राहिले. आठ तासांनी विचारलं तर झोपल्यावर साधारण निम्मे शब्द आठवत होते, जागं राहिल्यावर दहातला एखादाच. नंतरच्या शंभर वर्षांत मेंदूचे स्कॅन आले, यंत्रं आली, पण दिवसभर जे शिकलं ते झोपेत पक्कं होतं हा मुद्दा पुन्हा पुन्हा तसाच निघत राहिला.

आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती २००३ मधल्या एका प्रयोगाची. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निरोगी लोकांना सलग १४ रात्री चार, सहा किंवा आठ तास झोप दिली. सहा तासवाल्यांचं लक्ष दिवसेंदिवस घसरत गेलं, शेवटी शेवटी पूर्ण रात्र जागलेल्या माणसासारखं झालं, पण त्यांना स्वतःला विचारलं तर ते म्हणायचे थोडीशीच झोप येतेय, बाकी ठीक. म्हणजे कमी झोपेची सवय होते असं जे वाटतं ती सवय नाही, आपली घसरण आपल्याला दिसेनाशी होते एवढंच. बसमध्ये तासभर उभ्याने येणारा मुलगा जेव्हा सांगतो "मला पाच तास पुरतात" तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याला तसं खरंच वाटत असतं.

मनाचं काय होतं तेही मोजलेलं आहे. २००७ च्या एका अभ्यासात एक पूर्ण रात्र जागलेल्या लोकांना त्रासदायक चित्रं दाखवली तर मेंदूतला भीती-रागाचा भाग नीट झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त भडकला, आणि त्याला आवरणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचा संपर्क ढिला पडलेला होता. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या एटी बेन सायमन आणि मॅथ्यू वॉकर यांनी दाखवलं की झोप न झालेली माणसं समोरून येणाऱ्या माणसाला जास्त लांबूनच थांबवतात, आणि त्यांचे व्हिडिओ बघणाऱ्या अनोळखी लोकांनाही ती एकटी वाटतात. एफवायसाठी हे फार महत्त्वाचं आहे. जुने मित्र कोण फर्मागुडीला इंजिनीअरिंगला, कोण बांबोळीला मेडिकलला, कोण खांडोळ्याच्या कॉलेजला, कोण गोव्याबाहेर, वर्गात सगळे नवे चेहरे, आणि त्याच महिन्यांत झोप कमी पडून माणूस आपोआप मागे मागे सरतो, कँटीनमध्ये न जाता मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतो आणि मग ठरवतो की माझं इथे कुणाशी जमत नाही. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी याच काळात नव्याने कॉलेजात आलेल्या मुलांनाही विचारून अंदाज काढला होता, ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला सोबत घालवलेले ५० तास लागतात आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. जुलैत कुणी जवळचं झालं नाही यात काहीच बिघडलेलं नाही, तेवढे तास अजून झालेलेच नाहीत. रोज एकाच कदंब बसमधून जाणाऱ्याशेजारी बसलं तर ते तास बरेच लवकर भरतात.

मग करायचं काय? रात्री जबरदस्तीने लवकर आडवं होण्यात जीव काढू नका, सकाळ धरा. उठल्या उठल्या अर्धा तास तरी घराबाहेरचा उजेड डोळ्यांवर पडायला पाहिजे. पावसाळ्यात ऊन कुठलं असं म्हणाल, पण ढगाळ सकाळीसुद्धा बाहेर हजारो लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असतो आणि ट्यूबलाइटच्या खोलीत जेमतेम दोन-तीनशे. डोळ्याला दोन्ही ठीकच दिसतं म्हणून फरक कळत नाही, घड्याळाला मात्र कळतो. पोदेराचा हॉर्न वाजला की पाव आणायला आईऐवजी तुम्ही जा, हॉस्टेलवर असाल तर चहा बाल्कनीत प्या, बसस्टॉपवर मोबाईलमध्ये मान घालू नका. रविवारी झोपा, जरूर झोपा, फक्त रोजच्यापेक्षा तास-दीड तासाहून जास्त उशिरा उठू नका, राहिलेली झोप दुपारी अर्ध्या तासात घ्या. चहा-कॉफी चारनंतर नको, कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री दहानंतर खोलीतला मोठा दिवा बंद, छोटा चालेल.

पण सगळं ओझं मुलांवरच टाकणं मला पटत नाही. अमेरिकेत सिएटलने २०१६ मध्ये शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली. मोठी माणसं म्हणत होती की पोरं तेवढं उशिरा झोपतील, झालं उलटं, मुलांची रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली. आपल्या कॉलेजांना एफवायचं पहिलं लेक्चर साडेनवाला ठेवता येतं, लांबच्या मुलांच्या बसच्या वेळा विचारून टाइमटेबल लावता येतं, त्याला सरकारी आदेश लागत नाही.

आणि कधी कधी झोप सुधारूनही मन वर येत नाही, दोन आठवड्यांहून जास्त दिवस काहीच नको वाटतं, जेवण जात नाही, जगणं नको असे विचार येतात. तेव्हा ते एकट्याने सोसायचं नाही, आणि त्यावरचा उत्तम पुरावा आपल्या गोव्यातलाच आहे. संगाथ ही संस्था आणि विक्रम पटेल यांच्या टीमने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जवळपास ५०० लोकांवर उपचार तपासले, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक लोकांनी सहा ते आठ भेटींत गंभीर नैराश्यावर मदत केली आणि नेहमीच्या उपचारापेक्षा फरक पडला, ते २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्यातली मुख्य गोष्ट अशी की मूड येण्याची वाट न बघता आधी लहान, ठरलेली कामं परत सुरू करायची, मूड मागून येतो. पण ते करायला सोबत माणूस लागतो. कॉलेजात काउन्सेलर असेल तर तिथे जा, बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकटचा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. फोन लावताना काय सांगायचं हे आधी जुळवून ठेवायची गरज नाही, "मला झोप लागत नाही" एवढ्यावरून सुरुवात केली तरी पलीकडचा माणूस पुढचं विचारतो.