फ्लरी : लोकसंख्या शून्य

आपल्या महसुली दप्तरात ‘बेचिराग’ असा एक शब्द आहे. ज्या गावात दिवा लावायला कुणी उरलं नाही, पण ज्याची शीव आणि जमिनीचे उतारे शाबूत आहेत, ते बेचिराग गाव. फ्रान्सच्या ईशान्येला, म्यूज विभागात, असंच एक गाव आहे. फ्लरी-दव्हाँ-दुओमाँ, म्हणजे ‘दुओमाँसमोरचं फ्लरी’. क्षेत्रफळ सुमारे 10 चौरस किलोमीटर. फ्रान्सच्या जनगणनेत त्याच्या नावापुढे लोकसंख्येच्या रकान्यात 0 आहे. आपल्याकडे अशा गावाचा कारभार सहसा शेजारच्या गावाला जोडून टाकतात. फ्लरीला मात्र आजही स्वतःचा मेयर आहे.

फ्रान्समधलं सगळ्यात लहान प्रशासकीय एकक म्हणजे कम्यून. 1789 च्या राज्यक्रांतीनंतर जुन्या चर्च-वस्त्यांना हा दर्जा मिळाला आणि आज देशात जवळपास 35,000 कम्यून आहेत. त्यातली बहुसंख्य खेडीच. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर फ्लरी त्यांपैकीच एक होतं. माणसं 422. शेती आणि लाकूडकाम हे मुख्य धंदे, एक चर्च, शाळा, पावाची भट्टी, लोहार. इतिहासात नाव यावं असं काहीच नव्हतं. नाव आलं ते गाव ज्या खडकावर उभं होतं त्यामुळे.

पॅरिसच्या भोवतालचा प्रदेश भूगर्भाच्या दृष्टीने एकात एक ठेवलेल्या परातींसारखा आहे. चुनखडी आणि चिकणमातीचे थर मध्याकडे हलके कललेले आणि बाहेरच्या कडा वर आलेल्या. मऊ चिकणमाती झिजून जाते, टणक चुनखडी टिकते, त्यामुळे प्रत्येक परातीची कड डोंगररांगेसारखी उभी राहते. म्यूज नदीच्या पूर्वेकडची रांग ही अशीच एक कड, ज्युरासिक काळातल्या उथळ समुद्रात साचलेल्या चुनखडीची. तिचा उभा उतार पूर्वेकडे, व्होव्रच्या ओलसर मातीच्या मैदानावर उतरतो. जर्मनीकडून येणारी फौज या कडेवरून मैलोन् मैल दिसते. 1870-71 च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात अल्सेस आणि लॉरेनचा काही भाग गेल्यावर सरहद्द जवळ सरकली आणि फ्रान्सने व्हेर्दुन शहराभोवती याच टेकड्यांवर किल्ल्यांचं कडं उभारलं. फ्लरी दुओमाँ आणि सूव्हिल या किल्ल्यांच्या मधोमध राहिलं.

21 फेब्रुवारी 1916 रोजी जर्मन तोफखान्याने मारा सुरू केला. त्याच दिवशी गावाला घरं सोडण्याचा हुकूम झाला. लोक हाताला लागलं ते घेऊन निघाले. पुन्हा तिथे राहायला कुणीच आलं नाही. व्हेर्दुनची लढाई सुमारे 300 दिवस चालली. मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या सैनिकांची संख्या दोन्ही बाजू मिळून 3 लाखांच्या घरात जाते. त्या उन्हाळ्यात फ्लरी 16 वेळा या हातातून त्या हातात गेलं. शेवटी ते फ्रेंचांनी घेतलं तेव्हा भिंत म्हणावी असं काही उरलं नव्हतं.

व्हेर्दुनच्या आसपास अशी नऊ गावं नष्ट झाली. 1919 च्या एका कायद्याने त्यांचं कम्यूनपण टिकवण्यात आलं. युद्धात प्राण दिलेल्या सैनिकाच्या नावापुढे लागणारी ‘फ्रान्ससाठी मृत’ ही नोंद या गावांच्या नावापुढेही लागते. नऊपैकी तिघांत पुढे थोडी वस्ती झाली. फ्लरीसह सहा गावं शून्यावरच राहिली. मतदारच नाहीत, म्हणून तिथे निवडणूक होत नाही. म्यूजचा प्रीफे, म्हणजे सरकारने नेमलेला विभागप्रमुख, तीन जणांची समिती नेमतो आणि तिच्या अध्यक्षाला मेयरचे अधिकार असतात. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. पुनर्वसन शक्य नाही हे मान्य करूनही त्या शासनाने गावाचं नाव खोडलं नाही.

पुनर्वसन का शक्य नव्हतं? याचं उत्तर मातीत आहे. युद्धानंतर सरकारने उद्ध्वस्त मुलखाची प्रतवारी केली. ज्या जमिनी पूर्ववत करण्याचा खर्च त्यांच्या किमतीहून जास्त होता, त्या ‘लाल पट्ट्या’त गेल्या. सुरुवातीला हा पट्टा सुमारे 1,200 चौरस किलोमीटरचा होता. बराचसा भाग पुढे शेतकऱ्यांनी पुन्हा नांगराखाली आणला. व्हेर्दुनचा गाभा तसाच राहिला.

माती एरवीही स्थिर नसते. गांडुळं, मुंग्या, घुशी, वाऱ्याने मुळासकट उन्मळून पडणारी झाडं तिला सतत खालीवर करत असतात. 2006 मध्ये जोसेफ हुपी आणि रँडल शॅट्झल या अमेरिकन भूशास्त्रज्ञांनी या यादीत तोफगोळ्यांची भर घातली आणि प्रक्रियेला ‘बाँबटर्बेशन’ असं नाव दिलं. त्यांचं क्षेत्रीय काम व्हेर्दुनलाच झालं होतं. इथला मातीचा थर पातळ, त्यामुळे गोळे माती फोडून थेट खालच्या चुनखडीत घुसले. खडकाचा चुरा वर आला, सुपीक माती खाली गाडली गेली. शेकडो वर्षांत घडलेले थर एका वर्षात विस्कटले.

पण पुढचं निरीक्षण मला जास्त विलक्षण वाटतं. खड्ड्यांच्या तळाशी पालापाचोळा आणि पाणी साचतं, तिथे गांडुळं वाढतात, आणि नवी काळी माती काठापेक्षा तळाशी वेगाने तयार होते. नव्वदच वर्षांत हे शास्त्रज्ञांना मोजता आलं. म्हणजे प्रत्येक खड्डा हे स्वतःचं पाणी आणि स्वतःची माती असलेलं एक वेगळं शेत झालं आहे.

सगळीकडे असं झालेलं नाही. व्हेर्दुनच्या ईशान्येला स्पँकूरच्या जंगलात युद्धानंतर उरलेले सुमारे 2 लाख रासायनिक गोळे जाळण्यात आले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या मातीच्या एका नमुन्यात आर्सेनिकचं प्रमाण 17 टक्क्यांहून जास्त भरलं. त्या तुकड्यावर एका जातीचं गवत, थोडं शेवाळ आणि दगडफूल एवढंच तग धरून होतं.

फ्लरीच्या शिवारात आज जंगल आहे. दोन युद्धांच्या मधल्या काळात वनखात्याने व्हेर्दुनच्या रणभूमीवर सुमारे 3 कोटी 60 लाख रोपं लावली. चुनखडीच्या उघड्या चुऱ्यात तग धरतील असे पाइन आणि स्प्रूस आधी निवडले. त्यांच्या सावलीत माती सुधारल्यावर हळूहळू बीचसारखी रुंद पानांची झाडं आली. तोफगोळ्यांच्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचून डबकी झाली. या डबक्यांत पिवळ्या पोटाचा एक लहानसा बेडूक अंडी घालतो, जो युरोपात बऱ्याच ठिकाणी दुर्मिळ होत चालला आहे. डबकं उन्हाळ्यात आटलं तर त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नसले की या बेडकाची पिल्लं वाचतात.

गावठाणाच्या जागी आता झाडांमधून पायवाटा जातात. त्या जुन्या गल्ल्यांच्या रेषेवर आहेत, आणि ठिकठिकाणी लहान खुणा उभ्या केल्या आहेत : इथे पावाची भट्टी होती, इथे शाळा, इथे लोहार. पायवाट सरळ आहे, तिच्या दोन्ही बाजूंची जमीन मात्र लाटांसारखी खालीवर होत जाते. चर्चच्या जागी 1934 मध्ये एक चॅपल बांधलं गेलं. रेल्वे स्टेशनच्या जागी 1967 पासून व्हेर्दुनचं युद्धस्मारक आणि संग्रहालय आहे. 2013 मध्ये गावाच्या परिसरात 26 फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले. शंभर वर्षं होत आली होती, तरी त्यांतल्या काहींची ओळख पटली.

वरून पाहिलं तर फक्त हिरवं छप्पर दिसतं. म्हणून विमानातून लेझरचे स्पंद सोडून जमिनीचा नकाशा करण्याचं तंत्र, लायडार, इथे वापरलं गेलं. बरेचसे किरण पानांवरून परततात, काही फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात. तेवढेच वेगळे काढले की झाडं नकाशावरून नाहीशी होतात आणि देवीच्या व्रणांसारखे खड्डे, नागमोडी खंदक, बंकर उघडे पडतात. वनखातं आता लाकूड ओढून नेणारी यंत्रं कुठून न्यायची हे ठरवताना हा नकाशा समोर ठेवतं, म्हणजे चाकांखाली खड्डे आणि खंदक बुजून जात नाहीत.