खुर्ची रिकामी झाल्यावर स्क्रीनवर काय बदलते

डिसेंबर 2025च्या पहिल्या आठवड्यात ॲपलच्या इंटरफेसच्या, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या रूपाच्या, डिझाइनचे प्रमुख ॲलन डाय मेटा कंपनीत जात असल्याचे जाहीर झाले आणि त्यांच्या जागी 1999पासून कंपनीत असलेले स्टीफन लेमे आले. त्याच वर्षी आलेल्या ‘लिक्विड ग्लास’ या काचेसारख्या पारदर्शक रूपावर अक्षरे नीट वाचता येत नसल्याची टीका होत होती. त्यामुळे प्रमुख गेले, आता काचही जाईल, असा अंदाज पणजीपासून मडगावपर्यंत आयफोन वापरणाऱ्या अनेकांनी बांधला. हा अंदाज कितपत धरून चालावा, हे पाहण्यासाठी तेरा वर्षे मागे जावे लागते.

सप्टेंबर 2012मध्ये ॲपलने गुगलचे नकाशे काढून स्वतःचे नकाशे आयफोनवर आणले. त्यांत इतक्या चुका निघाल्या की मुख्य कार्यकारी अधिकारी टिम कुक यांना जाहीर पत्र लिहून माफी मागावी लागली. 29 ऑक्टोबर रोजी आयफोनच्या सॉफ्टवेअरचे प्रमुख स्कॉट फोर्स्टॉल कंपनी सोडणार असल्याची घोषणा झाली. त्यांच्याकडची कामे वाटली गेली ती अशी : आयओएस ही आयफोनची कार्यप्रणाली क्रेग फेडेरिघी यांच्याकडे, नकाशे आणि बोलून काम सांगण्याची सिरी ही सोय एडी क्यू यांच्याकडे, आणि इंटरफेसचे रूप जॉनी आइव्ह यांच्याकडे. आइव्ह तोवर प्रामुख्याने यंत्रांच्या बाह्य घडणीचे काम पाहत होते.

या वाटणीतच पुढचा बदल ठरून गेला होता. फोर्स्टॉल यांच्या काळात आयफोनवर खऱ्या वस्तूंची नक्कल असे. पुस्तकांना लाकडी फळी होती, गेम सेंटरला जुगाराच्या टेबलावरचे हिरवे कापड होते आणि मित्र शोधण्याच्या ॲपला तर शिवणीचे चामडे होते. ही शैली ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांनाही आवडत असे. म्हणून माझ्या मते खरी रिकामी झालेली खुर्ची जॉब्स यांची होती. ऑक्टोबर 2011मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाच या चामड्याचा पाठीराखा गेला आणि फोर्स्टॉल यांच्या जाण्याने फक्त शेवटचा अडसर दूर झाला. जून 2013मध्ये आयओएस 7 दाखवताना सगळे सपाट, पांढरे आणि बारीक अक्षरांचे झाले होते. मॅकच्या कॅलेंडरमधील चामडे काढताना एकाही आभासी गाईला इजा झालेली नाही, असा विनोद फेडेरिघी यांनी व्यासपीठावरूनच केला.

पद गेले ते नकाशांच्या गोंधळानंतर आणि बदलले ते चामडे. नकाशे सुधारायला त्यानंतर कित्येक वर्षे लागली. आपल्याकडे देवस्थानाची समिती बदलली की सभामंडपाचा रंग आधी बदलतो आणि गळके छप्पर मागाहून दुरुस्त होते, तसाच हा प्रकार. रूप बदलायला एका अधिकाऱ्याचा निर्णय पुरतो, पण नकाशातील रस्ते बरोबर व्हायला माहिती गोळा करणारी मोठी यंत्रणा उभी करावी लागते.

नव्या रूपाची किंमतही लगेच दिसली. हलत्या दृश्यांनी गरगरते अशा तक्रारी आल्या, ठळक अक्षरांची मागणी झाली आणि पुढच्या आवृत्त्यांत बरेच काही सौम्य करावे लागले. 1 फेब्रुवारी 2014नंतर ॲप स्टोअरवर येणारे प्रत्येक नवे ॲप किंवा जुन्याची सुधारित आवृत्ती आयओएस 7ला अनुरूप असणे ॲपलने बंधनकारक केले. म्हणजे क्युपर्टिनोतील ॲपलच्या मुख्यालयातील एका फेरबदलामुळे पाटो-पणजी किंवा पर्वरीतील चार-पाच जणांच्या कार्यालयालाही, ग्राहक जादा पैसे देवो न देवो, आपल्या ॲपची चित्रे आणि बटणे पुन्हा काढणे भाग पडले. अशा बदलांची चर्चा करताना हा खर्च सहसा कोणी मोजत नाही.

त्याच काळात मायक्रोसॉफ्टमध्ये जे झाले त्याने मात्र उलटा धडा दिला. विंडोज 8 बाजारात आले 26 ऑक्टोबर 2012 रोजी आणि त्याचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी 12 नोव्हेंबरला कंपनी सोडल्याचे जाहीर झाले. या आवृत्तीतून स्टार्ट बटण आणि त्याचा मेनू काढून त्याऐवजी चौकोनी फरशांची स्क्रीन दिली होती. संगणक बंद करायचा तर माउस कोपऱ्यात न्यायचा, बाजूने पट्टी सरकून आली की सेटिंग्ज उघडायचे आणि मग पॉवरचे चिन्ह शोधायचे. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा छापून घ्यायला आम्ही ज्या फोंड्यातील दुकानात जात असू, तेथील मालकाने काही दिवस तसेच काढले, मग जुना मेनू परत आणणारा एक फुकटचा प्रोग्रॅम घालून तो मोकळा झाला. असे प्रोग्रॅम त्या काळी जगभर चालले.

सिनॉफ्स्की गेले म्हणून बटण लगेच परत आले काय? नाही. विंडोजची अभियांत्रिकी ज्युली लार्सन-ग्रीन यांच्याकडे गेली आणि विंडोज 8च्या इंटरफेसच्या घडणीत त्यांचाच मोठा वाटा होता. ऑक्टोबर 2013च्या 8.1मध्ये बटण आले खरे, पण ते दाबले की पुन्हा त्याच चौकोनी फरशांच्या स्क्रीनवर जावे लागे. तोवर पुनर्रचनेत विंडोज टेरी मायरसन यांच्याकडे गेले होते. खराखुरा मेनू त्यांनी एप्रिल 2014मध्ये दाखवला आणि लोकांच्या हाती तो जुलै 2015मध्ये विंडोज 10बरोबर पडला. जुन्या रचनेत ज्याचे हात गुंतलेले नाहीत, असा माणूस निर्णयाच्या जागी येईपर्यंत माघार पूर्ण झाली नाही.

गुगलमध्ये अँडी रुबिन यांनी मार्च 2013मध्ये अँड्रॉइडची जबाबदारी सोडली आणि ती क्रोम हा वेब ब्राउझर सांभाळणाऱ्या सुंदर पिचाई यांच्याकडे आली. जून 2014मध्ये आलेली ‘मटेरियल डिझाइन’ ही पद्धत फोन आणि वेब दोहोंसाठी एकच होती. संस्थेतील संवादाची रचना तिच्या सॉफ्टवेअरच्या रचनेत उमटते, हे संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी 1968 साली लिहून ठेवले होते. एका छत्राखाली आलेल्या दोन विभागांना एकसारखे रूप मिळणे त्याला धरूनच आहे.

आता पुन्हा डाय यांच्याकडे. आइव्ह यांनी 2019मध्ये ॲपल सोडत असल्याचे जाहीर केल्यावर डिझाइन विभाग कंपनीचे मुख्य परिचालन अधिकारी जेफ विल्यम्स यांच्या हाताखाली गेला होता. 2025मध्ये विल्यम्स यांची निवृत्ती ठरली आणि तो विभाग कुक यांच्याकडे सोपवण्याचे ठरले. लिक्विड ग्लासची पारदर्शकता कमी करण्याची सोय तर डाय पदावर असतानाच, आयओएस 26.1मध्ये आली होती. शिवाय लेमे बाहेरून आलेले नाहीत. कुक यांच्याच म्हणण्यानुसार 1999पासूनच्या प्रत्येक मोठ्या ॲपल इंटरफेसमध्ये त्यांची महत्त्वाची भूमिका राहिली आहे. म्हणून फोर्स्टॉल यांच्यानंतर झाले तसे एका वर्षात सारे पुसून टाकणे येथे संभवत नाही. मेनूंची मांडणी, अक्षरांची जाडी आणि काचेमागून दिसणारा मजकूर यांतील दुरुस्त्या आवृत्ती-आवृत्तीने होत जातील, असे मला वाटते.