भिंतीवरचा कोळी आणि धूसरपणाचं शास्त्र

घराच्या भिंतीवर, खिडकीच्या गजांवर, कुंड्यांच्या काठावर एक छोटा कोळी हिंडताना दिसतो. शिकारीसाठी तो जाळं विणत नाही. दोन पावलं चालतो, थांबतो, अंग वळवून तुमच्याकडे बघतो आणि अचानक उडी मारून पुढे जातो. नर असेल तर काळा कुळकुळीत, चेहऱ्यावर लालसर पट्टा, पोटावर पांढरी कोर. मादी तपकिरी. लांबी सहा ते आठ मिलिमीटर. याचं शास्त्रीय नाव हसारियस अ‍ॅडॅन्सोनी. जगातल्या उष्ण प्रदेशांत तो माणसांच्या घरांतून सगळीकडे पसरला आहे.

डिजिटल कॅमेऱ्याने घरच्या घरी वन्यजीवांचे जवळून फोटो काढायचे असतील, तर सुरुवात या कोळ्यापासून करावी असं मला मनापासून वाटतं. एक तर तो पळण्याआधी वळून बघतो, इतर किडे तेवढीही सवड देत नाहीत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. जवळून फोटो काढताना आपल्याला सगळ्यात जास्त छळतो तो धूसरपणा, आणि या प्राण्याने तोच धूसरपणा आपल्या डोळ्यांत कामाला लावला आहे.

आधी कॅमेऱ्याकडे वळू. काटेकोर अर्थाने मॅक्रो म्हणजे सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पडणारी प्रतिमा निदान वस्तूएवढी मोठी असणं. सहा मिलिमीटरचा कोळी सेन्सरवरही सहाच मिलिमीटरचा. बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांत असणाऱ्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर असते, म्हणजे कोळी चौकटीचा चौथा भाग व्यापतो. नुसता चेहरा हवा असेल तर प्रतिमा वस्तूच्या दुप्पट-तिप्पट करावी लागते. त्यासाठी महागडी मॅक्रो लेन्स घ्यायलाच हवी असं नाही. एका स्वस्त रिव्हर्स रिंगने साधी लेन्स उलटी बसवता येते. ५० मिलिमीटरची लेन्स उलटी लावली की जवळपास एकास एक प्रतिमा मिळते, २८ मिलिमीटरची लावली तर दुपटीच्या आसपास. उलट्या लेन्सचं छिद्र (ज्यातून प्रकाश आत येतो आणि जे लहान-मोठं करता येतं ते) बहुतेक वेळा कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही, त्यामुळे छिद्राची कडी हाताने फिरवता येणारी जुनी लेन्स या कामाला उत्तम. मोबाइलवाल्यांनीही खट्टू होऊ नये. चौकटीत तेवढाच भाग घेतला तर छोट्या सेन्सरवर फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट येणारा भाग, जास्त मिळते, आणि चिमट्याने लावायची एखादी बरी क्लोज-अप लेन्स कोळ्याचे डोळे मोजता येतील इतपत जवळ नेते.

खरी अडचण पुढे येते. एकास एक प्रतिमेला छिद्र एफ ११ ठेवलं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक), तरी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली जेमतेम एक मिलिमीटर असते. प्रतिमा दुप्पट केली की ती मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शावर येते. डोळे स्पष्ट आले तर पाय विरघळतात, पाठ स्पष्ट आली तर चेहरा जातो. मग मनात येतं, छिद्र आणखी बारीक करू. पण तिथे प्रकाशाचा स्वभाव आडवा येतो. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे वस्तूवरच्या एका बिंदूची सेन्सरवर बिंदूएवढी प्रतिमा उमटत नाही, चकती उमटते. एकास एक प्रतिमेला लेन्स सेन्सरपासून इतकी दूर सरकलेली असते की एफ ११ चं छिद्र प्रत्यक्षात एफ २२ सारखं वागतं. हिरव्या प्रकाशासाठी हिशेब केला तर त्या चकतीचा व्यास ०.०३ मिलिमीटर येतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एक पिक्सेल ०.००४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे एक बिंदू सात-आठ पिक्सेलांवर सांडला. छिद्र एफ २२ केलं तर चकती दुप्पट होते. खोली वाढते, पण सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून एफ ८ ते एफ ११ च्या पलीकडे सहसा जाऊ नये.

विवर्तनाचा हाच नियम किड्यांनाही सुटलेला नाही. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाशीच्या प्रत्येक डोळ्यात सातशे-आठशे सूक्ष्म भिंगं असतात आणि एकेक भिंग मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षाही लहान. इतक्या छोट्या भिंगातून तपशील दिसूच शकत नाही. शेजारशेजारच्या दोन भिंगांच्या दिशांमध्ये सुमारे पाच अंशांचं अंतर असतं. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्धा अंश व्यापतो, त्यावरून तिचं जग किती भरड दिसत असेल याची कल्पना करावी.

उड्या मारणाऱ्या कोळ्याने वेगळी वाट धरली. त्याला आठ डोळे असतात. समोरचे दोन मोठे डोळे तपशील बघतात, बाकीचे हालचाल टिपतात. मोठ्या डोळ्याचं भिंग चेहऱ्याला पक्कं जोडलेलं असतं, पण मागे लांब नळी असते आणि तिच्या टोकाशी असलेलं दृष्टिपटल स्नायूंनी इकडेतिकडे हलतं. कोळी मान न हलवताही नजर फिरवतो ती अशी. फोटोत हे पकडता येतं. दृष्टिपटल थेट तुमच्याकडे वळलेलं असेल तेव्हा डोळा गडद काळा दिसतो, नजर बाजूला गेली की त्याचा रंग फिकट होतो. एकाच कोळ्याचे ओळीने काढलेले फोटो शेजारी ठेवून हा बदल जरूर शोधा.

या दृष्टिपटलाला चार थर असतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल लँड यांनी १९६९ साली त्यांचं सविस्तर वर्णन केलं होतं. त्यातल्या एका थराने मात्र पुढे शास्त्रज्ञांना कोड्यात टाकलं. सर्वांत खोलचा थर हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देतो आणि हिरवी प्रतिमा त्यावर स्पष्ट पडते. त्याच्या लगतचा दुसरा थरही हिरव्यालाच प्रतिसाद देतो, पण तिथे ती प्रतिमा कायम धूसर असते. धूसर चित्र बघणारा थर कशासाठी? जपानमधल्या ओसाका सिटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर दिलं, आणि त्यांनी प्रयोगासाठी वापरलेला कोळी होता हसारियस अ‍ॅडॅन्सोनी, आपल्या भिंतीवरचाच. वस्तू जितकी जवळ, तितकी दुसऱ्या थरावरची प्रतिमा जास्त धूसर. दोन थरांवरच्या चित्रांची तुलना केली की अंतर कळतं. पडताळा घेण्यासाठी त्यांनी कोळ्यांना वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात शिकार करायला लावलं. हिरव्या प्रकाशात उड्या अचूक पडल्या. लाल प्रकाशात त्या आखूड पडल्या. भिंगातून लाल किरण हिरव्यापेक्षा थोडे मागे एकत्र येतात, त्यामुळे दुसऱ्या थरावरची प्रतिमा नेहमीपेक्षा जास्त धूसर झाली आणि कोळ्याला भक्ष्य आहे त्याहून जवळ वाटलं.

धूसरपणावरून अंतर ओळखण्याची युक्ती कॅमेऱ्यांतही आहे. पॅनासोनिकने २०१४ पासून आपल्या काही कॅमेऱ्यांच्या ऑटोफोकसमध्ये ती आणली.

मात्र घरी कोळ्याचा फोटो काढताना ऑटोफोकस बंद केलेला बरा, कारण इतक्या जवळून तो पुढेमागे भरकटत राहतो. हवी तेवढी मोठी प्रतिमा ठरवून फोकस तिथेच ठेवा, कोपर टेबलावर किंवा भिंतीला टेकवा आणि कॅमेराच केसभर पुढे-मागे न्या. डोळे चमकले की बटण दाबा. समोरचे दोन्ही मोठे डोळे एकाच प्रतलात आणण्यासाठी जरा बाजूला सरकावं लागलं तर सरका. कोनात केलेला एवढा बदल छिद्राशी केलेल्या झटापटीपेक्षा जास्त देऊन जातो. कोळी शांत बसला असेल तर फोकस थोडाथोडा सरकवत दहा-वीस फोटो घेऊन संगणकावर त्यांचे स्पष्ट भाग जोडता येतात. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात.

हालचालीने येणारा धूसरपणा फ्लॅशने जातो. सेकंदाला दोन सेंटिमीटर चालणारा कोळी एका सेकंदाच्या शंभराव्या भागात ०.२ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एकास एक प्रतिमेत पन्नास पिक्सेल. कमी ताकदीवर ठेवलेला फ्लॅश सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकाच वेळ पेटतो. तेवढ्यात कोळी अर्धा पिक्सेल सरकतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, कमी आणि छिद्र बारीक असेल तर खोलीतल्या उजेडाचा ठसा जवळपास उमटतच नाही, त्या क्षणिक झोताचाच उमटतो. पण उघडा फ्लॅश डोळ्यांवर आणि गुळगुळीत पाठीवर पांढरे डाग पाडतो. मध्ये बटर पेपर लावा, आणि तो कोळ्याच्या जितका जवळ आणाल तितका उजेड मऊ होईल. कोळ्याच्या दृष्टीने प्रकाशाचा स्रोत तेवढा मोठा होतो, एवढंच त्यामागचं कारण.

किडे स्थिर राहावेत म्हणून त्यांना फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो अजिबात पटत नाही. प्राण्याला विनाकारण त्रास होतो, आणि गारठलेल्या किड्याचे आखडलेले पाय जाणकाराला फोटोत लगेच दिसतात. कडीपत्त्यावरची अळी घ्या. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून उग्र वासाचा दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर काढते. पण त्यासाठी तिला डिवचत बसू नये. ती पानं खाते, कात टाकते, कोष करते, हे सगळं आपणहून कुंडीतच करते.

फोटो काढलात तर तारीख आणि ठिकाण नोंदवून ठेवा. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या सहा हजारांहून जास्त जाती माहीत आहेत, कोळ्यांचं हे सगळ्यात मोठं कुळ, आणि नव्या जाती शहरांतही सापडतात. २०२१ साली ठाण्यात सापडलेल्या अशाच एका जातीचं वर्णन प्रसिद्ध झालं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवाद्याला जिवंत पकडून देताना प्राण गमावलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ तिचं नाव आयसियस तुकारामी ठेवलं गेलं. नुसत्या फोटोवरून नवी जात ठरत नाही. त्यासाठी नमुना लागतो आणि जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते. पण हा कोळी नमुना घेण्याजोगा आहे का, हे तज्ज्ञाला चांगल्या फोटोवरून कळू शकतं. म्हणून एकाच कोळ्याचे तीन फोटो घ्या: समोरून डोळ्यांची मांडणी दिसेल असा, वरून पाठीची नक्षी दिसेल असा आणि एक बाजूने. शक्य झालं तर शेजारी मोजपट्टी ठेवून चौथाही.