चेस्ट प्रेसवरचा आकडा आणि तळहातावरचा भार

नव्या जिमसाठी चेस्ट प्रेस, म्हणजे बसून हँडल छातीपासून पुढे ढकलायचे यंत्र, निवडताना सर्वांत आधी पाहिला जातो तो वेट स्टॅकवरचा, म्हणजे एकावर एक रचलेल्या वजनांच्या थप्पीवरचा, आकडा: या यंत्रात 80 किलो, त्या यंत्रात 100 किलो. व्यायाम करणाऱ्याच्या तळहातावर किती भार येणार, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही, कारण वजन आणि हँडल यांच्या मधे केबल, कप्प्या आणि तरफा असतात आणि त्यांची रचना यंत्रागणिक बदलते. हा भार काढायला एक साधी मोजपट्टी पुरेशी आहे.

समजा, हँडल 40 सेंटिमीटर पुढे ढकलल्यावर स्टॅक 20 सेंटिमीटर वर गेला. घर्षण बाजूला ठेवले, तर हातांनी केलेले कार्य आणि वजनाला मिळालेली ऊर्जा सारखीच असते. म्हणजे दुप्पट अंतर कापणाऱ्या हातांना सरासरी निम्माच जोर लावावा लागतो आणि किती वजन उचलायचे ते ठरवणारी पिन 50 किलोंवर असली तरी भार 25 किलोंचाच असतो. शाळेत शिकलेल्या हलत्या कप्पीचाच हा नियम आहे. एका जिममध्ये 50 किलो लीलया ढकलणारा दुसरीकडे 35 किलोंवर अडतो, तेव्हा दोष बहुधा आदल्या रात्रीच्या जागरणाचा नसतो.

हीच मोजणी टप्प्याटप्प्याने केली, म्हणजे हँडल दर 10 सेंटिमीटर सरकल्यावर स्टॅक किती उचलला गेला ते लिहून ठेवले, तर यंत्राचा खरा स्वभाव दिसतो. ढकलण्याच्या क्रियेत हात छातीजवळ असताना आपली ताकद कमी पडते आणि कोपर सरळ होत जाताना ती वाढते. त्यामुळे चांगल्या यंत्रात स्टॅक सुरुवातीला कमी आणि पुढे जास्त उचलला गेला पाहिजे. 1970 च्या सुमारास अमेरिकेत आर्थर जोन्स यांनी नॉटिलस यंत्रांमध्ये शंखासारख्या असमान त्रिज्येच्या कप्पीचा, म्हणजे कॅमचा, वापर रुळवला, तो भार असा शरीराच्या ताकदीनुसार बदलावा यासाठीच.

वजनाच्या सुट्या चकत्या, म्हणजे प्लेटा, अडकवायच्या यंत्रात कॅम नसला, तर हे काम तरफेच्या कोनावर सोपवलेले असते. तरफ आडवी असताना प्लेटांचा भार पूर्ण जाणवतो आणि आडव्या रेषेपासून ती 60 अंशांवर असताना निम्मा होतो. खाली झुकलेली तरफ व्यायामाच्या शेवटी आडवी होत असेल, तर भार योग्य दिशेने वाढतो. आडवी असलेली तरफ वर जात असेल, तर शेवटचा टप्पा पोकळ वाटतो.

छातीच्या मोठ्या स्नायूचे एक मुख्य काम म्हणजे दंड शरीरासमोरून मध्याकडे आणणे. म्हणून पुढे जाताना जवळ येणारी हँडले मला समांतर जाणाऱ्या हँडलांपेक्षा सरस वाटतात. दोन्ही बाजू स्वतंत्र हलत असल्या, तर उजव्या-डाव्या हातांतला फरकही लपत नाही.

घरच्या यंत्रावर दोन-तीन माणसे बसतात. जिममध्ये मात्र 45 किलोंच्या विद्यार्थिनीनंतर लगेच 110 किलोंचा गडी येतो. हँडल दोघांच्याही छातीच्या मध्याच्या आसपास येईल इतकी सीट वरखाली झाली पाहिजे, आणि खांदा फार मागे ताणला जाऊ नये म्हणून सुरुवातीची जागाही बदलता आली पाहिजे. वजनाच्या पायऱ्यांकडे तर फारच थोडे लोक पाहतात. 60 किलोंवर 5 किलो वाढवणे म्हणजे सुमारे 8 टक्के, पण 10 किलोंवर तेच 5 किलो म्हणजे थेट 50 टक्के. नवख्यांसाठी अडीच किलोंची जोडवजने हवीतच. व्यायामयंत्रांच्या आयएसओ 20957 या मानकात व्यावसायिक वापरासाठी 'एस' आणि घरगुती वापरासाठी 'एच' असे वर्ग आहेत. स्वस्तात मिळणारे 'एच' वर्गाचे यंत्र जिमसाठी घेऊ नये.

उरले घर्षण. ते वजन ढकलताना भार वाढवते आणि परत आणताना कमी करते, म्हणजे सावकाश खाली आणण्याच्या टप्प्यातला व्यायाम खाऊन टाकते. सामान तोलायचा हुकाचा काटा पट्ट्याने हँडलला बांधून ते संथपणे पुढे ओढावे आणि तसेच परत जाऊ द्यावे. त्याच जागी दिसलेल्या दोन आकड्यांतल्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे घर्षण. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत गाइड रॉड, म्हणजे स्टॅक ज्यांवरून सरकतो त्या दांड्या, गंजले की हा फरक वाढतो. म्हणून खरेदीच्या दिवशीचे दोन्ही आकडे नोंदवून ठेवावेत आणि पावसाळ्यानंतर त्याच पिनवर, त्याच जागी पुन्हा मोजावे.