सेकंडहँड गाडी ट्रेलर ओढण्यासाठी घेताय? मग आधी दाराच्या खांबावरची पट्टी वाचा

ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून एक मोठा बदल झाला. त्याआधी ज्यांनी १९९७ नंतर कारचं लायसन्स काढलंय त्यांना मोठा ट्रेलर ओढायचा तर वेगळी टेस्ट द्यावी लागायची, आता साध्या कारच्या लायसन्सवर साडेतीन टनापर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्यामुळे इथे स्थायिक झालेली बरीच आपली मंडळी पण आता छोटी शिडाची बोट, कॅम्पिंगचा ट्रेलर, ढोलताशा पथकाचं सामान असं काय काय घेऊन फिरायला लागलीयेत, आणि मग प्रश्न येतोच की फॅमिली कार तर घ्यायचीच आहे सेकंडहँड, तर ट्रेलर ओढायला कुठली बरी? उत्तरं सगळी इंजिनाची येतात, दोन लिटर डिझेल घे, दीडशे हॉर्सपॉवर घे वगैरे. माझं म्हणणं असं की इंजिन हा प्रश्नाचा सगळ्यात सोपा भाग आहे. आजकालचं कुठलंही बरं इंजिन ट्रेलर ओढतं, पण गाडी तो ट्रेलर सांभाळेल का हे ठरतं वजनावर, आणि त्याहून जास्त ते वजन नेमकं कुठे ठेवलंय त्यावर.

म्हणून गाडी बघायला गेलात की बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर (काही गाड्यांत बॉनेटखाली) एक पट्टी असते, तिच्यावर चेसिस नंबर आणि खाली किलोमध्ये चार आकडे. पहिला आकडा म्हणजे माणसं, सामान सगळं धरून गाडीचं जास्तीत जास्त वजन, दुसरा गाडी अधिक ट्रेलर मिळून जास्तीत जास्त, तिसरा पुढच्या अ‍ॅक्सलवर किती चालेल तो आणि चौथा मागच्या अ‍ॅक्सलचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की भरलेल्या गाडीमागे केवढा ट्रेलर चालेल ते कळतं. दुसरा आकडा नसेलच किंवा शून्य असेल तर ती गाडी ट्रेलरसाठी नाही, विषय संपला, विकणारा काहीही सांगू दे. काही हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं असंच असतं, तेव्हा त्यांच्या बाबतीत हे आधी बघा.

आता खरी गंमत चौथ्या आकड्यात आहे आणि तो कोणी बघतच नाही. समजा गाडीचं कर्ब वेट, म्हणजे सामान आणि प्रवासी नसतानाचं वजन, १४०० किलो आहे, युरोपच्या पद्धतीने त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर आणि जवळजवळ भरलेली टाकी आलीच. पट्टीवर पहिला आकडा २०००, म्हणजे ६०० किलो हातात. बायको ६५, दोन मुलं मिळून ७०, भारतातून आलेली आजी ५५, डिकीत १२० किलो सामान, टपावर बॉक्स धरून ६०, टोबार (ट्रेलर जोडायला गाडीच्या मागे बसवलेला दांडा) स्वतः २५ आणि ट्रेलरचं पुढचं टोक टोबारच्या गोळ्यावर, म्हणजे टोबॉलवर, जो भार टाकतं, ज्याला इथे नोजवेट म्हणतात, तो ७५. बेरीज ४७०. अजून १३० किलो शिल्लक, सगळं छान दिसतंय.

पण टोबॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या साधारण एक मीटर मागे असतो आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर धरा २.७ मीटर. म्हणजे ही तरफ झाली. टोबॉलवर ७५ किलो ठेवले की मागच्या अ‍ॅक्सलवर ७५ नाही, ७५ गुणिले ३.७ भागिले २.७, म्हणजे जवळपास १०३ किलो येतात, आणि पुढच्या चाकांवरून २८ किलो उचलले जातात. आजी आणि मुलं मागच्या सीटवर, त्यांचा बराचसा भार मागेच. डिकीतलं सामान तर अ‍ॅक्सलच्याही थोडं मागे. रिकाम्या गाडीचा मागचा भार धरून सगळं अंदाजाने मांडलं तर मागच्या अ‍ॅक्सलवर ९७५ किलोच्या आसपास होतात, आणि पट्टीवर चौथा आकडा असेल १००० तर शिल्लक राहिले फक्त २५ किलो! एकूण वजनात १३० किलोची ऐसपैस जागा आणि मागच्या चाकांवर एका मोठ्या सुटकेसएवढी. एस्टेट (मागे लांब, मोठ्या डिकीची) गाडी घेणाऱ्यांनी तर हे गणित कागदावर करूनच जावं, कारण मोठी डिकी म्हणजे जास्त वजनाची परवानगी असं अजिबात नाही.

पुढच्या चाकांवरून उचललेल्या वजनाचं दुखणं बोटवाल्यांना कळतं. वेफेअरर नावाची जी शिडाची बोट इथे क्लबांमध्ये खूप दिसते तिचा सांगाडा १६९ किलोचा, ट्रेलर, शीड, दोर वगैरे धरून ३०० च्या घरात, म्हणजे वजन म्हणून काहीच नाही. ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलो किंवा गाडीच्या कर्ब वेटच्या निम्मा, यातलं जे कमी असेल तेवढा चालतो, त्यात ती आरामात बसते. हायवेवर मागे काही आहे हे जाणवत पण नाही. पण पाण्यातून बोट वर काढताना आठाला एक असा उतार असेल तर गाडी आणि बोट मिळून १७०० किलो वर खेचायला २१० किलोचा जोर लागतो, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो सगळा जोर फक्त पुढच्या दोन टायरमधून यायला हवा, ज्यांच्यावर चढामुळे आणि नोजवेटमुळे भार आधीच कमी झालाय. हिशोब केला तर घर्षण पुढच्या चाकांवरच्या भाराच्या पाव पट तरी हवं. कोरड्या काँक्रीटवर हे सहज मिळतं, पण शेवाळलेल्या ओल्या स्लिपवेवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) पाव पट पण मिळेलच असं नाही. चारही चाकं चालणाऱ्या गाडीत सगळ्या वजनाचा फायदा मिळतो, तिथे घर्षण भाराच्या साधारण ०.१५ पट असलं तरी गाडी निघते. म्हणून माझं मत असं की फक्त रस्त्यावर ओढायचं असेल तर फोर व्हील ड्राइव्हवर पैसे घालू नका, पण स्लिपवे किंवा ओलं गवताचं मैदान नेहमीचं असेल तर नक्की घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डोलणारा ट्रेलर. ट्रेलर एका बाजूला जरा सरकला की टायर त्याला परत मध्यात आणतात, तो मध्य ओलांडून दुसरीकडे जातो, परत येतो. कमी वेगात हे हेलकावे आपोआप विरतात. वेग वाढला की विरण्याचं प्रमाण कमी कमी होत जातं आणि एका ठराविक वेगाला ते शून्य होतं, त्यापुढे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा, आणि मग ट्रेलर गाडीलाच हलवायला लागतो. बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर प्रत्यक्ष ट्रेलर घेऊन चाचण्या केल्या, २००९ मध्ये त्याचा पेपर आला. त्यात सगळ्यात जास्त फरक पडतो असं दिसलं तो ट्रेलरमधलं वजन कुठे पसरलंय, नोजवेट किती आणि ट्रेलरचा अ‍ॅक्सल कुठे आहे याने. वजन पसरण्याचा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो हे शाळेतलं भौतिकशास्त्र इथे थेट उपयोगी पडतं. २० किलोचा गॅस सिलिंडर ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपासून अर्ध्या मीटरवर ठेवला आणि तोच दोन मीटरवर शेपटीला ठेवला तर ट्रेलर वळायला आणि वळलेला थांबायला त्याचा अडथळा १६ पट होतो. सामान तेच, वजन तेच!

आपल्याकडे बैलगाडी भरणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, भार मागे गेला की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं, म्हणून तो जड पोती चाकांवर रचून किंचित पुढे ठेवतो. ट्रेलरचं पण तेच, जड वस्तू अ‍ॅक्सलवर तळाशी, आणि नोजवेट ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के, पण गाडीच्या आणि टोबारच्या मर्यादेत. १२०० किलोचा ट्रेलर असेल तर ६० ते ८४ किलो. नवशिक्यांनी भरलेला कॅराव्हॅन (राहण्याची सोय असलेला ट्रेलर) गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावा असं इथले कॅराव्हॅन क्लब सांगतात, तो कायदा नाही पण सल्ला चांगला आहे. १४०० किलोच्या गाडीला म्हणजे ११९० किलो. ट्रेलर असताना मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा आहे ती पण पाळा. आणि डोलायला लागलाच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका आणि वेग वाढवून सरळ करायला तर मुळीच जाऊ नका.

यातच सेकंडहँड गाडीची एक खाच आहे. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये ट्रेलर डोलायला लागला की एकेका चाकाला ब्रेक लावून तो शांत करणारी सोय पण असते. पण मागे ट्रेलर जोडलाय हे गाडीला कळलं तर ना! टोबार बसवताना त्या गाडीसाठीचं खास वायरिंग घातलं असेल तरच ते कळतं, स्वस्तात फक्त दिव्यांपुरती वायर ओढली असेल तर दिवे लागतात आणि कॉम्प्युटरला पत्ताच नसतो. म्हणून टोबार आहे एवढ्यावर खूश होऊ नका, कुठलं वायरिंग घातलंय त्याचं बिल मागा.

इंजिनाबद्दल थोडक्यात. कंपनी जो ओढण्याचा आकडा देते त्यासाठी युरोपात नियम असा की पूर्ण भरलेली गाडी ट्रेलरसकट १२ टक्के चढावर थांबलेल्या अवस्थेतून पाच मिनिटांत पाच वेळा निघायला हवी. म्हणजे ही परीक्षा कमी आरपीएमच्या टॉर्कची आणि क्लचची आहे. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या तिसऱ्या पिढीत १५० हॉर्सपॉवरचं २ लिटर डिझेल ३४० न्यूटन-मीटर देतं आणि तेवढ्याच हॉर्सपॉवरचं १.४ पेट्रोल २५०. डिझेल चढावर गिअर कमी बदलायला लावतं, बस. पण डिझेलच्या धुराचा फिल्टर साफ व्हायला साधारण ६०० अंशांपर्यंत गरम व्हावा लागतो आणि रोज शाळा-दुकान-घर एवढंच चालवलं तर तो कधी गरमच होत नाही, तुंबतो. लंडनमध्ये राहत असाल तर युरो ६ या प्रदूषणाच्या मानकाच्या आधीच्या डिझेलला रोजचे साडेबारा पौंड वेगळे. महिन्यातून एकदा बोट आणि बाकी दिवस शाळा असेल तर मी पेट्रोलच घेईन.

ढोलवाल्यांचा प्रश्न उलटा, वजन कमी आणि आकार प्रचंड. त्याच ऑक्टाव्हिया एस्टेटची डिकी ६१० लिटर, सीट पाडल्या तर १७४०, पण लिटरचा आकडा गोल ढोलाला लागू नाही, डिकीच्या दाराची उंची आणि चाकांच्या मधली रुंदी लागू. गाडी बघायला जाताना एक ढोल बरोबर न्या आणि घालून बघा, विकणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करू नका. टपावर बांधणार असाल तर ऑक्टाव्हियाला मर्यादा ७५ किलो, त्यात दांडे आणि बॉक्स आलाच. आणि उंच बॉक्स ट्रेलर घेतला तर हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ५० वरून ६० मैलांवर गेलात की त्याला तोंड द्यायची ताकद (अडथळा गुणिले वेग) पावणेदोन पट लागते, तेव्हा हलक्या ढोलांनाही पेट्रोल भरपूर जातं.

बघायला गेल्यावर क्लच तपासा, वरच्या गिअरमध्ये कमी वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएम चढले आणि वेग नाही चढला तर क्लच गेलेला आहे. टोबॉलचा व्यास व्हर्निअरने मोजा, नवा ५० मिलिमीटर असतो, ४९ च्या खाली झिजला असेल तर बदलावा लागेल आणि आधीच्या मालकाने भरपूर ओढलंय हे पण कळेल. सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून एमओटीचा (गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा) सगळा इतिहास फुकट दिसतो, त्यात मागच्या स्प्रिंगा, मागचे टायर आणि ब्रेक यांच्याबद्दलचे शेरे वर्षानुवर्षे कसे येत गेलेत ते वाचा.

गाडी घेतल्यावर नोजवेट मोजायला काही विकत आणायची गरज नाही, घरातला बाथरूमचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागेवर पूर्ण भरा, गाडीपासून सोडवा, चाकांना अडसर लावा, काट्यावर एक फळी आणि तिच्यावर लाकडाचा उभा तुकडा ठेवा, एवढ्या उंचीचा की हिच (ट्रेलरचं टोबॉलवर बसणारं तोंड) टोबॉलच्याच उंचीवर टेकेल, आणि पुढचं छोटं चाक हळूहळू वर घ्या. आकडा कमी आला तर एखादी जड पिशवी अ‍ॅक्सलच्या जरा पुढे सरकवा, जास्त आला तर मागे, आणि परत मोजा. मग पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा दाराजवळ टायरच्या हवेचा जो तक्ता असतो त्यातला भरलेल्या गाडीचा रकाना बघून मागच्या टायरमध्ये तेवढी हवा भरा, थंड टायर असताना.