बिअरसाठी फ्रिजला आवर

अमेरिकेत घरच्या घरी बिअर बनवणं हा रीतसर छंद आहे. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने त्याला वाट मोकळी करून दिली. दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करमुक्त. या छंदिष्टांच्या गॅरेजमध्ये बरेचदा एक जुना फ्रिज सापडतो. त्यात बाटल्या नसतात, झाकणबंद बादलीत २० लिटर द्रव आंबत असतो. आणि फ्रिजवर जी करामत केलेली असते, ती त्याला कमी थंड करण्यासाठी.

घरगुती फ्रिज साधारण २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहतो. एवढ्या गारठ्यात एल जातीच्या, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरचं यीस्ट (साखरेचं अल्कोहोल करणारी सूक्ष्म बुरशी) हातपाय गाळतं. त्याला १८ ते २२ अंश मानवतात, लागर या थंडाव्यात आंबणाऱ्या बिअरच्या यीस्टला ९ ते १३.

मग २० अंशांच्या खोलीतच बादली ठेवली तर? अडचण अशी की यीस्ट स्वतःच तापतं. साखरेचं अल्कोहोल होताना दर किलोमागे अंदाजे ६०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. २० लिटरमध्ये आंबणारी साखर दोन किलो धरली, तर १२०० किलोज्यूल झाले. ही उष्णता कुठेच गेली नाही, तर बादलीचं तापमान १४ अंशांनी चढेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता हवेत जाते, तरी पहिल्या दोन-तीन दिवसांच्या धुमाळीत बादली खोलीपेक्षा चांगली काही अंशांनी गरम असते. तापलेलं यीस्ट फ्यूसेल अल्कोहोल नावाची जड अल्कोहोलं जास्त बनवतं आणि बिअर घशाला जाळते. केळ्यासारखा वास देणारी एस्टरंही वाढतात. काही जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये तो वास मुद्दाम आणतात, इतरत्र तो दोषच.

थंडीसाठी बिअरवाल्यांची ही धडपड जुनीच. बव्हेरियात १५५३ साली फर्मान निघालं होतं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर बनवायची नाही, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. पुढे १८७०च्या दशकात म्युनिकच्या प्राध्यापक कार्ल फॉन लिंडे यांना शीतयंत्राचे प्रयोग करायला जागा मिळाली तीही श्पाटन ब्रुअरीत. वायू दाबायचा, त्याचा द्रव करायचा आणि मग त्याला उकळू देऊन उष्णता शोषून घ्यायची, हे त्यांच्या यंत्राचं तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये आजही चालतं.

आता करामत. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सगळ्यात थंड खुणेवर ठेवतात, म्हणजे तो मध्येच बंद पडून लुडबुड करत नाही. फ्रिजचा प्लग भिंतीत न लावता एका बाहेरच्या कंट्रोलरमध्ये लावतात. कंट्रोलरचा सेन्सर तापमान पाहतो आणि त्यातला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, फ्रिजची वीज जोडतो किंवा तोडतो. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर सगळं फसतं. दार उघडलं की हवा मिनिटात बदलते, २० लिटर द्रवाला तास लागतात. म्हणून सेन्सर बादलीच्या अंगाला टेपने चिकटवून वर फोमचा तुकडा लावतात. मग तो हवेचं नाही, बादलीचं ऐकतो.

दुसरी काळजी कॉम्प्रेसरची, म्हणजे वायू दाबणाऱ्या पंपाची. बंद झाल्या झाल्या तो पुन्हा सुरू केला, तर नळ्यांतला दाब अजून उतरलेला नसतो. मोटर त्या दाबाविरुद्ध अडकते, गुणगुणते आणि मोटर वाचवणारा ओव्हरलोड स्विच ‘टक्’ करून वीज तोडतो. असं वारंवार झालं की मोटर जळते. चांगल्या कंट्रोलरमध्ये निदान तीन ते पाच मिनिटांचा विलंब लावायची सोय असते.

आणि भोक पाडायचा मोह! बऱ्याच फ्रिजच्या बाजूच्या भिंतींत गरम नळ्या लपलेल्या असतात. फ्रिज अर्धा तास चालू ठेवून बाजूवर तळहात फिरवला तर त्यांचे कोमट पट्टे लागतात. ड्रिल तिथे घुसलं की गॅस गेला आणि फ्रिज भंगारात. नव्या फ्रिजमध्ये तर हा गॅस बहुधा आयसोब्युटेन, म्हणजे ज्वलनशील. सेन्सरची बारीक वायर दाराच्या रबरातून सहज आत जाते, भोक कशाला?

आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय बिअर बनवता येत नाही, तेव्हा इथे यातलं शास्त्र तेवढं घ्यावं.

लागरवाले शेवटी आणखी एक गोष्ट करतात. आंबणं संपत आलं की कंट्रोलर १६ ते १८ अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस तसाच ठेवतात. यीस्टने आधी डायअसेटिल नावाचं लोण्याच्या चवीचं रसायन तयार केलेलं असतं. उबेत आल्यावर तेच यीस्ट ते परत शोषून घेतं. त्यानंतर मात्र पारा शून्याच्या आसपास उतरवतात आणि बिअर काही आठवडे मुरायला ठेवतात.